बिझीबॉक्स

युनिक्स-सदृश छोट्या प्रणालीला लागणाऱ्या रोजच्या आज्ञा एकाच फाइलमधून पुरवणारे मुक्त सॉफ्टवेअर. राउटर, बचाव-डिस्क, कंटेनर अशा जागेच्या टंचाईच्या ठिकाणी याचा वापर होतो.

उगम : ब्रूस पेरेन्स यांनी हे लेखन १९९५ साली सुरू केले, असे सर्वसाधारणपणे मानतात. काही ठिकाणी १९९६ हे वर्ष आढळते; आपल्यापुरते काम पुरे झाल्याचे त्यांनी जाहीर केले, ते हे वर्ष असावे. डेबियन ही लिनक्स प्रणाली यंत्रावर बसवणे आणि बिघडलेल्या यंत्राची दुरुस्ती या दोन्हींसाठी एका फ्लॉपीत मावणारी प्रणाली त्यांना हवी होती. अनेक आज्ञा एका फाइलमध्ये बांधण्याची कल्पना मात्र त्यांची पहिली म्हणता येत नाही. बीएसडी या युनिक्स-शाखेच्या परंपरेत यासाठी क्रंचजेन हे साधन होते. जेम्स दा सिल्वा यांच्या त्या कामावर मेरिलँड विद्यापीठाची १९९४ची हक्कनोंद आहे. त्याही आधीपासून ‘एक्स’ व ‘व्हीआय’ हे संपादक एकाच फाइलची दोन नावे म्हणून नांदत होते. तथापि क्रंचजेन आधीच लिहिलेल्या आज्ञावली जशाच्या तशा एकत्र शिवते, तर बिझीबॉक्समध्ये आज्ञा आटोपशीरपणे नव्याने लिहिल्या जातात आणि सामाईक कामे एकाच अंतर्गत ग्रंथालयावर (तयार कोडच्या संग्रहावर) सोपवली जातात. हा भेद पाहता बिझीबॉक्सला क्रंचजेनचे अपत्य न म्हणता समांतर वाट म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

कार्यपद्धती : ‘एलएस’, ‘सीपी’, ‘ग्रेप’ ही आज्ञांची नावे म्हणजे बहुधा मूळ फाइलकडे बोट दाखवणाऱ्या सिमलिंक (दुवे) असतात. आज्ञावली सुरू होताच आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली, हे ती आज्ञेच्या पहिल्या शब्दावरून (शून्याव्या आर्ग्युमेंटवरून) पाहते व तेवढाच भाग, म्हणजे अ‍ॅप्लेट, चालवते. ‘इन्स्टॉल’ पर्यायाने हे सारे दुवे एका फटक्यात तयार होतात. सोबत ‘एस’ दिला तर सिमलिंक, नाहीतर हार्ड लिंक, म्हणजे त्याच फाइलचे आणखी एक नाव. हार्ड लिंक एकाच फाइल-प्रणालीच्या आत चालते, म्हणून डिस्कच्या वेगळ्या विभाजनावर (पार्टिशनवर) मांडणी करताना सिमलिंकच घ्यावी लागते.

कोणती अ‍ॅप्लेट हवीत हे बांधणीपूर्वी मेनूतून ठरवतात. आज्ञा स्वीकारणारे ‘अ‍ॅश’ हे शेल, यंत्र सुरू होताच पहिली चालणारी ‘इनिट’, उपकरणांच्या फाइल तयार करणारे ‘एमडेव्ह’ व जाळ्याचा पत्ता मिळवणारे ‘यूडीएचसीपीसी’ एवढ्यावरही छोटे यंत्र उभे राहते. कोणत्याही ग्रंथालयावर विसंबू नये म्हणून स्टॅटिक (सारे काही फाइलमध्येच सामावणारी) बांधणी करतात, पण जीलिबसी या लिनक्सवरील नेहमीच्या सी-ग्रंथालयासह ती केल्यास यंत्रनावांचा शोध घेताना सामाईक ग्रंथालये पुन्हा लागतात. त्यामुळे मसल हे छोटे सी-ग्रंथालय हा पर्याय सोयीचा ठरतो. अल्पाइन लिनक्स या छोटेखानी वितरणात बिझीबॉक्स व मसल हीच जोडी आहे. आटोपशीरपणाची किंमतही आहे : मोठ्या लिनक्स प्रणालींतील जीएनयू आज्ञांचे कित्येक लांब पर्याय येथे नसतात आणि बॅश या मोठ्या शेलचे अ‍ॅरे वापरणाऱ्या स्क्रिप्ट अ‍ॅशवर अडतात. अल्पाइनवर अशा वेळी ‘कोअरयुटिल्स’ (जीएनयूच्या मूळ आज्ञा) व ‘बॅश’ ही पॅकेजे वेगळी घालतात. सरसकट सगळे घालण्यापेक्षा अडलेली आज्ञा तेवढी बदलणे इष्ट.

पुढील वाटचाल : एरिक अँडरसन यांच्या देखरेखीखाली २००४ मध्ये १.०० ही आवृत्ती आली. २००६ मध्ये परवान्यावरून मतभेद होऊन प्रकल्प जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. त्याच वर्षी देखरेख डेनिस व्लासेन्को यांच्याकडे गेली. आधीचे देखरेखकर्ते रॉब लँडली यांनी टॉयबॉक्स हे अशाच धर्तीचे स्वतंत्र साधन हाती घेतले. अँड्रॉइडमध्ये ६.० आवृत्तीपासून टॉयबॉक्स आहे.