पार्श्वभूमी: पिट्युटरीचं ‘मास्टर ग्रंथी’ हे बिरुद अजून का चालू आहे

नसांमधून निरोप झटपट जातो आणि हॉर्मोन रक्तातून सावकाश, हे शाळेतच झालंय. ही दोन खाती वेगळी पडली ती १९०२ च्या कुत्र्यावरच्या एका प्रयोगानंतर. तोवर पचनाचा कारभार नसाच बघतात असं रशियातल्या एका नावाजलेल्या लॅबचं म्हणणं होतं. लंडनमधल्या दोघांनी आतड्याच्या तुकड्याच्या नसा तोडल्या, आत ॲसिड सोडलं, तरी स्वादुपिंडाचा रस आलाच, म्हणजे निरोप रक्तातून गेला. १९०५ मध्ये ‘हॉर्मोन’ शब्द आला, मराठीत संप्रेरक (पेपर लिहिताना सोडून कोण म्हणतं!).

खरा घोळ पुढे आहे. मेंदूच्या तळाशी लटकणारी पिट्युटरी ग्रंथी काढली की थायरॉइड, ॲड्रिनल, बीजग्रंथी सगळ्याच सुकतात हे दिसलं आणि वाटाण्याएवढ्या त्या गाठीला ‘मास्टर ग्रंथी’ करून टाकलं. तेव्हाच्या माहितीवर ठीकच होतं. पण १९५० च्या आसपास प्राण्यांमध्ये हीच पिट्युटरी उचलून शरीरात दुसरीकडे लावून बघितली तर तिचं बरंचसं काम थंडावलं, आणि परत हायपोथॅलॅमसखाली (मेंदूचा तिच्या लगेच वरचा भाग) बसवली, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या जुळल्या, की पुन्हा सुरू. म्हणजे मालक वरच्या मजल्यावर, मेंदूत. फक्त प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचं दूध आणणारं हॉर्मोन) उलटं वागतं, पिट्युटरीला हायपोथॅलॅमसशी जोडणारा दांडा तोडला की ते वाढतं, कारण हायपोथॅलॅमस त्याला डोपामिनने दाबून ठेवत असतो, आणि डोपामिन तर नसांच्या खात्यातलं ना? पिट्युटरीच्या मागच्या भागाचं तर विचारूच नका, ऑक्सिटोसिन हे हॉर्मोन तिथे बनतसुद्धा नाही, मेंदूतल्या चेतापेशी बनवून खाली पाठवतात, तो भाग नुसतं गोदाम सांभाळतो.

तरी हायपोथॅलॅमस रसायनं पाठवून पिट्युटरीला चालवतो याला पुरावा काय म्हणून अडून बसलेले होतेच. मग अमेरिकेत दोन टीम एकमेकांवर खुन्नस धरून कामाला लागल्या, एकीकडे मेंढ्यांचे मेंदू, दुसरीकडे डुकरांचे, तेही लाखांनी. १९६९ मध्ये हाती लागला जेमतेम तीन अमिनो ॲसिडचा रेणू, थायरॉइडची साखळी सुरू करणारा. १९७७ चं नोबेल दोन्ही बाजूंना मिळालं.

एवढं होऊनही बिरुद पिट्युटरीकडेच, आणि माझ्या मते हा निव्वळ आळस आहे. बरं, हायपोथॅलॅमसला मास्टर म्हणावं तर १९९४ मध्ये लेप्टिन हे हॉर्मोन सापडलं, ते चरबीच्या पेशी सोडतात आणि भूक किती लागू द्यायची हे हायपोथॅलॅमसला तेच कळवतं.