सरकी, हळद आणि लिहिलेला कागद

कापसाचं एक बोंड घ्या आणि रुईतून सरकी नुसत्या बोटांनी सोडवून पाहा. दोन-तीन सरक्या निघेपर्यंत नखं दुखायला लागतात. रुई सरकीला इतकी घट्ट धरून असते की ओढली तर मधेच तुटते आणि सरकीवर लव उरतेच. एका बोंडात अशा पंचवीस-तीस सरक्या असतात. आता डोळ्यांसमोर एक अख्खी बैलगाडी आणा.

धरणगावला आमच्या घरामागे रुईपासून सरकी वेगळी करणारं जीन होतं. दिवाळीनंतर तिथे गाड्यांची रांग लागायची, रात्रभर यंत्रांची धडधड चालायची आणि सकाळी तुळशीच्या पानांवरसुद्धा रुईचं तूस बसलेलं दिसायचं. यंत्रालाही जीन आणि कारखान्यालाही जीनच म्हणायचं. इंग्रजीतल्या ‘एंजिन’ या शब्दाचं शेपूट तुटून हा शब्द तयार झाला, हे मला फार उशिरा कळलं. पेटंटच्या इतिहासातलं मला सर्वांत शिकवून गेलेलं प्रकरण याच यंत्राचं आहे.

14 मार्च 1794 या दिवशी अमेरिकेत एली व्हिटनीला कापसाच्या जिनाचं पेटंट मिळालं. यंत्र अगदी साधं होतं. एका फिरत्या रुळावर तारेचे दात बसवलेले आणि समोर बारीक फटींची जाळी. दात फटीतून रुई ओढून घेत, पण फट सरकीपेक्षा अरुंद असल्याने सरकी अलीकडेच अडकायची. हाताने दिवसभरात जेमतेम अर्धा किलो रुई निघायची, ती या यंत्राने वीस-बावीस किलो निघू लागली.

हा साधेपणाच व्हिटनीला महागात पडला. एकदा यंत्र पाहिलं की गावचा लोहारही ते बनवू शकत होता. शिवाय व्हिटनी आणि त्याचा भागीदार मिलर यंत्रं विकायला तयार नव्हते. आम्हीच सरकी काढून देऊ आणि मोबदल्यात पाचातले दोन भाग घेऊ, असा त्यांचा हिशेब होता. शेतमालकांना तो पटला नाही आणि नकला सर्रास सुरू झाल्या. वर्षानुवर्षं खटले चालले. निकाल व्हिटनीच्या बाजूने लागू लागले तोवर पेटंटची 14 वर्षांची मुदत संपत आली होती. 1812 मध्ये त्याने मुदतवाढ मागितली, तीही तिथल्या संसदेने नाकारली.

पेटंट हा मुळात एक सौदा आहे. तुमची युक्ती सगळ्यांना समजेल अशी लिहून द्या, त्या बदल्यात काही वर्षं ती फक्त तुमची. मुदत संपली की ती सर्वांची. व्हेनिसने 1474 मध्ये असा कायदा केला तेव्हा ही मुदत 10 वर्षांची होती, आज आपल्याकडे ती 20 वर्षांची आहे. युक्ती कागदावर आली की पुढचा माणूस ती वाचून आणखी पुढे जातो. 1840 मध्ये फोन्स मॅकार्थीने दातांऐवजी चामडं लावलेला रूळ वापरणाऱ्या जिनाचं पेटंट घेतलं. चामडं रुईला धरून आत ओढतं, रुळाला टेकलेल्या स्थिर पात्यापाशी सरकी अडते आणि दुसरं हलणारं पातं तिला टोले देऊन खाली पाडतं. दातांनी तंतू तुटतात, चामड्याने त्या मानाने शाबूत राहतात. आपल्याकडच्या जिनांमध्ये धडधडणारी डबल रोलर यंत्रं याच तत्त्वावर चालतात.

कागदावर सगळं उभं असल्याने कागद जळाला की काय होतं, तेही अमेरिकेने पाहिलं. 15 डिसेंबर 1836 च्या पहाटे वॉशिंग्टनमधल्या पेटंट कार्यालयाला आग लागली आणि सुमारे 10 हजार पेटंटांची दप्तरं राख झाली. त्यात व्हिटनीचेही कागद होते. पुढे शोधकर्त्यांनी घरी जपलेल्या प्रतींवरून काही पेटंटं परत उतरवून घेतली, पण बहुतेक कायमची गेली.

आणि ज्याच्या नावाने कागद होऊच दिला नाही, त्याचं काय? जिनामुळे अमेरिकेत कापसाचा पेरा वाढत गेला आणि त्याबरोबर गुलामगिरीही. 1790 मध्ये तिथे सुमारे 7 लाख गुलाम होते, 1860 मध्ये ते जवळजवळ 40 लाख झाले. त्यांतल्या मिसिसिपीच्या नेड नावाच्या माणसाने कापसाच्या शेतीसाठी एक नवं औत घडवलं. त्याचा मालक ऑस्कर स्टुअर्ट याने पेटंट आपल्या नावाने मागितलं. 1858 मध्ये सरकारच्या मुख्य कायदा सल्लागाराने मत दिलं की पेटंट मिळणार नाही. मालकाला नाही, कारण शोध त्याचा नव्हता. नेडला नाही, कारण गुलाम हा कायद्याने नागरिक नव्हता आणि शोध माझा आहे अशी शपथ त्याला घेता येत नव्हती. स्टुअर्टने पेटंटाशिवायच ती औतं बनवून विकायला काढली. हे मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा पऱ्हाटीच्या शेतात वाकलेली माणसं डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आपल्याकडे पहिला कायदा 1856 साली आला. पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या अभियंत्याचा होता. त्याने छताचा पंखा ओढायचं यंत्र बनवलं होतं.

आता हळदीकडे वळतो, कारण इथे कागदाचं वजन अगदी लख्ख दिसतं. मार्च 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. आपल्याकडे खरचटलं की मोठीमाय हळदीचा डबा घेऊन धावत येते. मग हा शोध नवा कसा? तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात त्याचं उत्तर होतं. एखादी गोष्ट अमेरिकेतच माहीत असेल किंवा वापरात असेल, तर तेवढ्याने ती जुनी ठरायची. परदेशातल्या गोष्टीला मात्र पेटंट किंवा छापील पुरावा लागायचा. कोट्यवधी घरांतली रोजची रीत त्या कायद्याला दिसतच नव्हती.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने 1996 मध्ये हे पेटंट फेरतपासणीसाठी आव्हानित केलं. एकूण 32 संदर्भ गोळा झाले. त्यांत जुने संस्कृत आणि उर्दू ग्रंथ होते आणि 1953 सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही होता. 1997 मध्ये पेटंटातले सगळे दावे फेटाळले गेले. मोठीमायच्या बाजूने साक्ष देता आली ती छापलेल्या ओळींना. यातून धडा घेऊन 2001 पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल कोश उभा राहिला. जुन्या वैद्यक ग्रंथांतली माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत मांडली गेली, म्हणजे पेटंट तपासणाऱ्याला ती वाचता यावी. अमेरिकेनेही पुढे कायदा बदलला आणि 2013 पासून जगात कुठेही उघड वापरात असलेली गोष्ट तिथे जुनी धरली जाते.

साहित्याचंही असंच आहे. इंग्लंडमध्ये 1710 च्या कायद्याने लिखाणावरचा हक्क पहिल्यांदा छापखानेवाल्यांऐवजी लेखकाचा मानला. पण लिहिता-वाचता न येणाऱ्या कवीचं काय? असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्या कामाच्या नादात गात राहिल्या आणि मुलाने, नातलगांनी त्यातलं जमेल तेवढं उतरवून घेतलं. 1951 साली त्या गेल्या, 1952 साली त्या कविता पुस्तकरूपाने छापून आल्या. लेखकाच्या मृत्यूनंतर छापलेल्या साहित्याला आपला कायदा प्रकाशनानंतर 60 वर्षं संरक्षण देतो, म्हणजे घड्याळ छपाईपासून चालू होतं. जे जात्याशीच विरून गेलं, त्याला घड्याळच नाही.

कधी उलटंही होतं. कागदावर हक्क असतो आणि हातात येत नाही. आपल्या 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या पिकातलं बियाणं राखायचा, पेरायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क दिला. फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँड लावून विकता येत नाही. जगात इतका मोकळा कायदा क्वचितच सापडेल. पण आपल्याकडचा बहुतेक बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीविरुद्धचं जनुक घातलेला कापूस, संकरित आहे. त्याची सरकी पेरली की दोन आई-बापांचे गुण पुढच्या पिढीत वेगवेगळे फुटतात. एक झाड उंच, एक बुटकं, एक लवकर बोंडं धरणारं, एक उशिरा. म्हणून दर जूनमध्ये कृषी केंद्राबाहेर पाकिटांसाठी रांग लागतेच.

भरताच्या वांग्याचं मात्र बरं झालं. बामणोदसारख्या गावांतलं ते मोठं, हिरवट-पांढरं, कमी बियांचं वांगं काट्याकुट्यांवर भाजलं की गर लोण्यासारखा निघतो. 2016 मध्ये त्याला ‘जळगावचं भरताचं वांगं’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी मिळालं. हा हक्क एका माणसाचा नसतो, मुलखाचा असतो. तो विकता येत नाही आणि दर 10 वर्षांनी पुन्हा नोंदवता येतो. त्यासाठी माती कोणती, हवा कशी, वाण किती पिढ्यांपासून, हे सगळं आधी लिहून द्यावं लागतं.

हे लिहून घेण्याचं काम मी एकदा जवळून पाहिलं. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक गावाने आपली लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणीच्या एका पाड्यावर एक तरुण शिक्षक वही घेऊन आजीबाईंच्या मागे चालत होता. आजीबाईंनी एका झाडाची साल दाखवली आणि आपल्या पावरी बोलीत तिचं नाव सांगितलं. तो उच्चार देवनागरीत नीट बसेना. त्याने लिहिलं, खोडलं, पुन्हा विचारलं, पुन्हा खोडलं. आजीबाईंना वाचता येत नव्हतं, पण त्या पूर्ण वेळ त्याच्या पेनाच्या टोकाकडे बघत होत्या. तिसऱ्यांदा त्याने लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या झाडाकडे चालू लागल्या.