साज म्हणावे की बाग्लामा? काचेमागच्या तुर्की वाद्याची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या एका मोठ्या संग्रहालयाला 1889 मध्ये एका बँकरच्या पत्नीने आपला वाद्यसंग्रह दिला. वाढत वाढत तो 3,600 वाद्यांच्या वर गेला. मिशनरी, वकिलातींतले अधिकारी जिथे असतील तिथून वाद्ये पाठवत. लांब दांडीची तुर्की तंतुवाद्ये अशाच वाटांनी परदेशी पोचली. वाजवणाऱ्याचे नाव-गाव मागे राहिले, चिठ्ठीवर एकच शब्द उरला : साज.

घोळ इथूनच सुरू होतो. साज हा फारसी शब्द, अर्थ नुसता 'वाद्य'. तंबूर म्हणावे, तर तो इस्तंबूलच्या दरबारी संगीताचा : अर्धगोल, पातळ पट्ट्या जोडून केलेला. (आपल्या तंबोऱ्याशी त्याचे नाते नावापुरते, तंबुराला पडदे असतात.) अनातोलियाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, गावांतले वाद्य बहुधा तुतीच्या ओंडक्यातून कोरलेले, चेरीच्या सालीच्या नखीने वाजणारे. आज त्याला सहसा बाग्लामा म्हणतात. 'बाग्लामाक' म्हणजे बांधणे. पडदे दांडीला बांधलेले, म्हणून हे नाव, असे सांगतात. पण 1800 च्या सुमारास इजिप्तमध्ये फ्रेंचांनी तंबूर या नावाची पाच वाद्ये नोंदवली, त्यांत बाग्लामा सर्वांत छोटा. ग्रीसमध्ये बुझुकी या लांब दांडीच्या तंतुवाद्याच्या धाकट्या भावंडाला आजही बाग्लामास म्हणतात.

मग धाकट्याचे नाव साऱ्या घराण्याला कसे लागले? यात रेडिओचा वाटा मोठा. 1934 च्या अखेरीस तुर्कस्तानातल्या रेडिओवर दरबारी परंपरेचे संगीत बंद झाले, ते सुमारे वीस महिने. लोकसंगीत मात्र नव्या राष्ट्राचा पाया ठरले. 1940 च्या दशकात वादकांचे ताफे एकत्र वाजवू लागले. सगळ्यांचे सूर जुळायचे, तर तारा सुरात लावण्याची पद्धतही एकच हवी. गावोगावच्या वेगळ्या पद्धती मागे पडल्या आणि बाग्लामा हे नाव रूढ झाले. ते एकोणिसाव्या शतकातल्या वाद्यावर चिकटवणे मला पटत नाही. साज मोघम असेल, पण तो त्या वाद्याच्या काळातला शब्द आहे.

या वाद्याला धार्मिक बाजूही आहे. रेडिओवरच्या त्या बंदीआधी 1925 च्या कायद्याने दर्वेशांचे, म्हणजे सूफी फकिरांचे, मठ बंद झाले होते. अलेवी या तुर्कस्तानातल्या धार्मिक पंथाचे लोक या वाद्याला 'तारांचे कुराण' म्हणतात. वाजवण्याआधी ते ओठांना लावतात. अशी वस्तू काचेमागे ठेवताना चिठ्ठीवर एवढे तरी लिहायला हवे.

आणि पडद्यांना हात लावू नये. तातीची गाठ सोडून नायलॉन बांधले, की जुने सूर नेमके कुठे होते याची खूण जाते. मग उरतात ते दांडीवर बोटांनी झिजवलेले खळगे.