तेलाला चढणारा ताप

भरलेला ट्रक लांब चढाला लागला की चालकाची नजर इंजिनाच्या तापमानाकडे वळते. पण त्या वेळी त्याहून झपाट्याने तापत असते ते स्वयंचलित गिअरबॉक्समधले तेल. हे तेल केवळ वंगण नव्हे. त्याच्या दाबाने क्लच आवळले जातात, आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची शक्ती पुढे पोहोचवण्याचे कामही तेच करते.

उष्णतेचे मूळ या कन्व्हर्टरमध्ये आहे. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये जहाजांसाठी शोधलेल्या या युक्तीत इंजिनाला जोडलेले पात्यांचे चक्र तेल भिरकावते आणि ते तेल समोरच्या चक्राला फिरवते. दोन्ही चक्रांच्या वेगांत तफावत असली की काही शक्ती तेल घुसळण्यातच खर्च होते. समजा, १०० किलोवॉट शक्ती आत शिरली आणि ८० किलोवॉट बाहेर पडली, तर उरलेले २० किलोवॉट तेल तापवतात. बारा लिटर तेलाचे वजन साधारण १० किलो भरते आणि एक किलो तेल एका अंशाने तापवायला सुमारे २ किलोज्यूल लागतात. म्हणजे ही उष्णता बाहेर काढली नाही, तर तापमान दर सेकंदाला जवळजवळ एका अंशाने वाढेल. गिअरबॉक्सचा धातू थोडी उष्णता शोषून घेतो, इतकाच काय तो दिलासा.

तेलाला ८० ते ९५ अंश सेल्सियस मानवते. त्यापुढे प्रत्येक १० अंशांना त्याच्या ऑक्सिडीकरणाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. तेल काळवंडते, व्हॉल्व्हवर चिकट थर बसतो, रबरी सील कडक होतात.

तेल थंड करण्याची नेहमीची सोय रेडिएटरच्या टाकीतच असते. तिथले पाणीही ९० अंशांच्या आसपास असल्याने तेल त्याहून थंड होत नाही. मात्र थंडीच्या सकाळी हेच पाणी तेलाला ऊबही देते, हा गुण सहसा लक्षात येत नाही. जड ओझ्यासाठी हवेवर चालणारा वेगळा कूलर जोडतात. तो मोठा असेल तितका बरा, असे मात्र नाही: फार थंड तेल घट्ट राहते, गिअर रेंगाळत पडतात, आणि अनेक गाड्यांत तेल तापेपर्यंत कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच लागतच नाही. म्हणून सोबत थर्मोस्टॅट, म्हणजे तेल तापल्यावरच ते कूलरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, हवा.

हा लॉक-अप क्लच दोन्ही चक्रे थेट जखडतो, तेव्हा घुसळण थांबते. त्यामुळे चढावर वेळीच खालचा गिअर घेतला, तर इंजिन गरजते खरे, पण क्लच लागून राहतो आणि तेल निवू लागते. चढ संपल्यावर थांबायचे असेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन काही मिनिटे चालू द्यावे, म्हणजे पंप तेल कूलरमधून फिरवत राहतो. गिअरमध्ये ब्रेक दाबून अ‍ॅक्सिलरेटर दिला, तर मात्र कन्व्हर्टरमध्ये शिरणारी सगळी शक्ती तेलाच्याच वाट्याला येते.