पुराची गणितं आणि ओढ्याची धार

ओढा कोरड्या दिवसांतही वाहता राहील का, एवढंच संवर्धन संस्थेला हवं असतं. मासे, बेडूक, काठची झाडं सगळी त्या बारीक धारेच्या भरवशावर. पाणलोटाचं मॉडेल करणाऱ्याच्या हाती येणारी गणितं मात्र बरीचशी पूर आणि पावसाळी अपधाव, म्हणजे जमिनीवरून वाहून जाणारं पाणी, मोजायला तयार झालेली. खरी मेख तिथेच आहे.

काम उंचीच्या नकाशापासून सुरू होतं. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' यानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. तिचा सुमारे ३० मीटर चौकटींचा नकाशा फुकट मिळतो. संगणक प्रत्येक चौकटीतलं पाणी आठ शेजाऱ्यांपैकी सर्वांत तीव्र उताराकडे ढकलतो आणि त्यातून ओघळींचं जाळं उभं राहतं. पण वरून पाहणाऱ्या यंत्राला रस्त्याचा भराव दिसतो, त्याखालची मोरी दिसत नाही. मग कागदावरचं पाणी भरावामागे तुंबतं, संगणक तो खळगा भरून काढतो आणि पाणी भलत्याच खिंडीतून शेजारच्या ओढ्यात सोडून देतो. नकाशा जितका बारीक, तितका हा त्रास जास्त, कारण भराव अधिक ठसठशीत उमटतो. उपाय एकच: मोऱ्या प्रत्यक्ष फिरून नोंदवायच्या आणि तेवढ्या चौकटींची उंची हाताने खाली आणायची. पाणलोटाच्या मुखाचा बिंदूही नेमका प्रवाहाच्या चौकटीवर बसवावा लागतो. एक चौकट हुकली, की काही चौरस किलोमीटरऐवजी दोन-चार हेक्टरचा तुकडा हाती येतो.

पावसातलं किती पाणी वाहून जाईल, हे काढण्यासाठी 'कर्व्ह नंबर' सर्रास वापरतात. ही पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मृदा संधारण विभागाने शेतजमिनींसाठी बसवली. माती आणि जमिनीचा वापर पाहून १०० पर्यंतचा एक अंक ठरवायचा. अंक ७५ असेल तर जमिनीची धारणक्षमता, २५४०० भागिले ७५ वजा २५४, म्हणजे सुमारे ८५ मिलिमीटर. तिचा पाचवा हिस्सा, १७ मिलिमीटर, सुरुवातीलाच जिरतो. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ४१ मिलिमीटर वाहून जातो. अंक ६० वर आणला तर १९ सुद्धा नाही. १० चौरस किलोमीटरवर हा फरक सव्वादोन लाख घनमीटरचा. उरलेल्या पाण्याचं पुढे काय होतं? मुळांनी ओढून हवेत गेलं की खोल मुरून महिन्यांनी ओढ्यात पाझरलं, याबद्दल कर्व्ह नंबर गप्प आहे. आणि धार टिकते ती त्या पाझरावर. 'स्वाट'सारखी, पाणलोटातल्या पाण्याचा रोजचा हिशेब मांडणारी संगणकीय मॉडेलं त्यासाठी मातीचे थर आणि उथळ भूजल वेगळं धरतात. सुरुवातीचं भूजल किती होतं हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं चालवून ती सोडून द्यायची.

मग मॉडेल मोजलेल्या प्रवाहाशी जुळवायचं. इथे १९७० पासून नॅश-सटक्लिफ हा निर्देशांक चालत आलाय: १ म्हणजे तंतोतंत, ० म्हणजे नुसती सरासरी सांगितली असती तरी तेवढंच साधलं असतं. त्यात चुकांचा वर्ग घेतात. पुराच्या दिवशी प्रवाह सेकंदाला १०० घनमीटर होता आणि मॉडेलने ९० सांगितला, तर चूक १०, वर्ग १००. कोरड्या दिवशी प्रवाह ०.०५ असताना मॉडेलने दुप्पट, ०.१० सांगितला, तर वर्ग ०.००२५. पुराच्या त्या एका दिवसाची बरोबरी करायला धार दुप्पट दाखवणारे ४०,००० दिवस लागतील, म्हणजे जवळपास ११० वर्षं! असं मॉडेल उत्तम गुण मिळवून ओढ्याबद्दल खुशाल खोटं सांगू शकतं. म्हणून प्रवाहाचा लॉगरिदम घेऊन पुन्हा तपासायचं, म्हणजे बारीक धारेतली दुप्पट चूकही ठळक दिसते. शून्य प्रवाहाला लॉगरिदम नसतो, तेव्हा आधी सर्व आकड्यांत सरासरीचा शंभरावा भाग मिळवायचा.

मोजलेला आकडा तरी खरा असतो का? बारीक धारेसाठी ९० अंशांच्या 'व्ही' खाचेचा पत्रा बसवतात. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची १० सेंटीमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला साधारण ४.४ लिटर, ११ असेल तर ५.५. खाचेत एक ओलं पान अडकून पाणी सेंटीमीटरभर चढलं, की नोंदीत प्रवाह पाव हिश्शाने फुगला. पत्र्याखालून पाणी झिरपत असेल तर उलटी चूक. पट्टी वाचण्याआधी खाच साफ करणं आणि कधीतरी बादली व घड्याळ घेऊन प्रवाह पडताळणं, याला पर्याय नाही.

शेवटी संस्थेचा आवडता प्रश्न: झाडं लावली तर धार वाढेल का? बॉश आणि ह्यूलेट या संशोधकांनी १९८२ मध्ये ९४ पाणलोटांचे प्रयोग एकत्र तपासले. सर्वसाधारण कल असा, की जंगल तोडल्यावर वार्षिक प्रवाह वाढतो, लावल्यावर घटतो, कारण झाडं पाणी पितात. घट्ट झालेली, उघडी जमीन मोकळी होऊन मुरणारं पाणी झाडांच्या पिण्यापेक्षा जास्त निघालं, तरच कोरड्या दिवसांत फायदा. मॉडेलमध्ये नेमकी इथेच गफलत होते. कर्व्ह नंबर ७५ वरून ६० केला जातो, मुळांची खोली आणि पानांचा विस्तार मात्र जुनाच राहतो. झाडं पाणी मुरवतात, पण पीत नाहीत, असं नवलाचं जंगल तयार होतं आणि धार वाढलेली दिसते.