गावाचा होकार आणि माणसाची संमती

गरीब देशातल्या एखाद्या गावात आरोग्य संशोधन सुरू होतं तेव्हा पथक आधी मुखियाला भेटतं. मग सभा होते, माना डोलतात आणि अहवालात लिहिलं जातं, 'समुदायाची संमती घेतली.' या एका वाक्यात दोन गोष्टी एकाच पोत्यात कोंबलेल्या असतात. गावाने दिलेली असते ती परवानगी. संमती फक्त माणूस देऊ शकतो, कारण सुई त्याच्या दंडात टोचली जाणार असते.

परवानगीचा प्रश्न सामायिक असतो: तुम्ही इथे यावं का, हा आजार आम्हाला महत्त्वाचा वाटतो का, अभ्यास संपल्यावर औषध मिळणार का, आमच्या नावाने काय छापलं जाईल? संमतीचा प्रश्न एकट्याचा: माझं रक्त द्यायचं का, धोका काय, उद्या मन बदललं तर? मन बदलण्याचा हक्क प्रत्येकाला कधीही असतो. त्यासाठी ना कारण द्यावं लागतं, ना पुन्हा सभा भरवावी लागते.

वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणारा हेल्सिंकी जाहीरनामा याबाबत स्पष्ट आहे. समुदायाच्या नेत्यांशी बोलणं योग्य ठरू शकतं, पण संमती देण्यास सक्षम असलेल्या माणसाने स्वेच्छेने हो म्हटल्याशिवाय त्याला अभ्यासात घेता येत नाही.

उत्तर घानातल्या नवरोंगो भागात हा क्रम नीट दिसतो. आधी मुखिया आणि वडीलधारे, मग वाड्याचा कुटुंबप्रमुख, आणि शेवटी ज्याला सहभागी व्हायचंय ती व्यक्ती. तिथे गावसभेला 'दरबार' म्हणतात. आपलाच शब्द, इंग्रजांच्या सामानातून तिकडे गेलेला. वरच्या पायऱ्या चढल्याशिवाय दारात उभं राहणं उद्धटपणाचं ठरतं. पण त्या चढून झाल्या म्हणजे दारामागच्या बाईने हो म्हटलं असं होत नाही. सासरा आणि नवरा आधीच राजी असताना तिला 'नाही' म्हणणं किती जड जात असेल! म्हणून तिला एकटीला, निवांत विचारणं हा कागदी सोपस्कार नव्हे.

वरून आलेला होकार माणसाच्या संमतीच्या जागी बसवला की काय होतं, ते आपल्याकडे, आजच्या तेलंगणातल्या खम्मममध्ये दिसलं. २००९ मध्ये तिथे मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि एप्रिल २०१० मध्ये थांबवला गेला. चौकशीत आढळलं की ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. मुली अल्पवयीन, म्हणजे आईवडिलांना विचारणं भागच होतं. अधीक्षक मुलींना सांभाळतात, पण त्यामुळे ते पालक होत नाहीत.

उलटी चूकही होते, आणि ती कमी ओळखीची आहे. २०१० मध्ये नामिबियातल्या सान या आदिवासी समाजाच्या चार जणांचे जनुकीय आराखडे प्रसिद्ध झाले. त्या चौघांची संमती घेतलेली होती. तरीही सान नेत्यांनी आक्षेप घेतला: आमच्या संस्थांना कुणी विचारलंच नाही. मला हा आक्षेप रास्त वाटतो. जनुकं चौघांची, पण त्यांतून निघणारे निष्कर्ष सगळ्या समाजाला चिकटतात. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली.

काही अभ्यासांत दोन्हींचं वजनही बदलतं. इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात डेंग्यू रोखण्यासाठी वोल्बाखिया जिवाणू असलेले डास सोडले गेले; हा जिवाणू डासाच्या अंगात डेंग्यूचा विषाणू वाढू देत नाही. डास काही घराचा उंबरा पाहून थांबत नाही, त्यामुळे एकट्या माणसाला 'मला नको' म्हणून बाजूला होता येत नाही. अशा ठिकाणी वस्तीचा होकार खरोखर निर्णायक ठरतो. पण अंगणात डासांच्या अंड्यांचा डबा ठेवायचा तर त्या घराची वेगळी परवानगी लागते, आणि दवाखान्यात रक्त तपासायचं तर त्या रुग्णाची संमती.

कामाच्या जागी फरक ओळखायची माझी एक साधी खूण आहे: 'नाही' कुणाला कळतं ते पाहा. गावाचा नकार सभेत, सगळ्यांदेखत येतो आणि पथक तिथूनच परत फिरतं. माणसाचा नकार मात्र त्याच्यात आणि विचारणाऱ्यात राहिला पाहिजे. संध्याकाळी मुखियाने सहज चौकशी केली, 'आमच्यातलं कोण नाही म्हणालं?', तरी ज्याने परवानगी दिली त्यालाही ती नावं सांगायची नसतात.