संध्याकाळची हवा जड नसते, तरी बॉल स्विंग होतो

"हवा जड झालीय, आता बॉल फिरणार." मुंबईतलं आझाद मैदान घ्या, क्रॉस मैदान घ्या नाहीतर शिवाजी पार्क, संध्याकाळच्या मॅचला खारा वारा सुटला की स्लिपमधला कुणीतरी हे बोलतोच. कॉमेंटेटरही वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत, त्यामुळे सीझन बॉलने खेळणाऱ्या पोरांना ते अगदी न्यूटनच्या नियमाइतकं पक्कं वाटतं. प्रत्यक्षात गोष्ट उलटी आहे. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते.

शाळेतली केमिस्ट्री आठवा. नायट्रोजनचा रेणुभार २८, ऑक्सिजनचा ३२ आणि पाण्याचा फक्त १८. दाब आणि तापमान तेच असेल तर ठरावीक जागेत रेणूंची संख्या तीच राहते, म्हणजे वाफेचा प्रत्येक रेणू एका जड रेणूला बाजूला करून तिथे येतो आणि हवेची घनता कमी होते. ३० डिग्रीला एकदम कोरडी हवा आणि वाफेने गच्च भरलेली हवा यांच्यात फरक पडतो दीड टक्क्याच्या आसपास, तोही हलकं होण्याच्या बाजूने. म्हणजे घामाने शर्ट चिकटतो म्हणून आपल्याला हवा जड वाटते, बॉलला नाही.

मग बॉल हवेतच वळवतं, म्हणजे स्विंग करतं कोण? इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण मला क्रिकेटमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

घरातला पंखा दिवसभर गरगर फिरतो तरी त्याच्या पात्यांवर धूळ बसते. कारण पात्याला अगदी लागून असलेली हवा पात्याबरोबरच फिरत असते, म्हणजे तिथे धूळ उडवून न्यायला वाराच नसतो. कुठल्याही पृष्ठभागाजवळ हवेचा असा एक पातळ थर असतो, त्याला सीमास्तर म्हणतात, आणि स्विंगचा सगळा खेळ ह्या बॉलवरच्या केसभर थरात चालतो. हा थर दोन स्वभावाचा असू शकतो. एक शांत, म्हणजे हवेचे पदर एकावर एक नीट सरकतायत, आणि दुसरा खळबळीचा, म्हणजे सगळं एकमेकांत घुसळतंय. आता कुणालाही वाटेल की शांत थर बॉलला जास्त वेळ धरून राहील, पण होतं नेमकं उलटं. बॉलच्या मागच्या बाजूला जाताना हवेला वाढत्या दाबाविरुद्ध जावं लागतं, शांत थरात तळाची हवा दमते आणि थर लवकर सुटतो, बॉलचा सगळ्यात रुंद भाग येतो त्याच्या आसपासच. खळबळीच्या थरात वरची वेगवान हवा सतत खाली येत असते, ती तळाला नवी ताकद देते, म्हणून तो थर बराच मागेपर्यंत चिकटून राहतो.

आता सीम, म्हणजे बॉलवरची उंच शिवण, स्लिपकडे तिरकी धरून बॉल टाका. एका बाजूच्या हवेला सीमचे उभे टाके आडवे येतात, थर अडखळतो आणि खळबळीचा होतो. दुसऱ्या बाजूला गुळगुळीत चामडं, तिथे थर शांतच राहतो आणि लवकर सुटतो. एक बाजू उशिरा सुटली, एक लवकर, त्यामुळे बॉलमागची हवा एकीकडे ढकलली जाते आणि बॉल दुसरीकडे, म्हणजे सीमच्या दिशेला. हे बळ बॉलच्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. पँटवर घासून एक बाजू चकचकीत ठेवायचं कारणही हेच, तो थर शांत राहायला हवा.

नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काम केलेले रबी मेहता ह्या विषयातलं मोठं नाव. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८३ साली 'नेचर'मध्ये ह्यावर पेपर लिहिला. प्रयोगात बॉल सीमवर घरंगळत उतारावरून वाऱ्याच्या बोगद्यात सोडले होते. बळ सगळ्यात जास्त मिळालं सीम २० अंश तिरकी असताना आणि वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास असताना. हा वेग बघा! हा आपल्या मैदानावरच्या क्लब बोलरचा वेग आहे. त्याच्या बऱ्याच वर गेलं की दोन्ही बाजूंचे थर सीमपर्यंत पोचायच्या आधीच आपोआप खळबळतात, मग सीम उलट अडथळा ठरते आणि बॉल दुसरीकडे वळतो. तोच रिव्हर्स स्विंग, तो इथल्या वेगाला नव्या बॉलने मिळणं शक्य नाही.

'लेट स्विंग', म्हणजे बॅट्समनजवळ येऊन उशिरा वळणारा बॉल, त्याबद्दलही सांगतो. बळ वाटेत साधारण सारखंच राहिलं तरी बाजूला सरकलेलं अंतर वेळेच्या वर्गाने वाढतं. अर्ध्या वेळेत बॉल एक चतुर्थांशच सरकतो, उरलेले तीन भाग बॅट्समनकडच्या अर्ध्या वाटेत. म्हणजे प्रत्येक स्विंग थोडा लेटच असतो, त्याला जादूचं मनगट लागत नाही.

तरी संध्याकाळी बॉल जास्त बोलतो हा अनुभव खोटा म्हणायचा का? मी म्हणणार नाही. शेफील्ड हॅलम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ च्या पेपरसाठी वेगवेगळ्या दमटपणात बॉल ठेवून लेसरने त्यांचं माप घेतलं, बॉलच्या आकारात तसा काही फरक सापडला नाही. त्यांनी दुसरी शक्यता मांडली, तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा. कडक उन्हात ती भोवऱ्यांनी भरलेली असते आणि बॉलच्या गुळगुळीत बाजूचा शांत थर बिघडवू शकते. ढग आले किंवा ऊन उतरलं की हे चढणं थांबतं. हे अजून सिद्ध झालेलं नाही, पण मुंबईत पाचनंतर पीचवरची धग ओसरते तेव्हा मला हे पटतं.

मात्र "भरती आलीय म्हणून फिरतोय" हे प्लीज नको. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, समुद्रावरचा वारा मात्र जमीन आणि पाणी तापण्यातल्या फरकाने, म्हणजे सूर्याच्या वेळापत्रकाने येतो. दोन्हीचा मेळ पंधरवड्यातून एखाद-दोनदा बसतो आणि तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं. किटबॅगला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांचा हिशोबही असाच असतो, घेतलेल्या विकेट मोजायच्या आणि खाल्लेले छक्के विसरायचे.

वाऱ्याचा खरा परिणाम वेगळाच आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. मावळतीचा सूर्य डोळ्यात येऊ नये म्हणून पीच साधारण उत्तर-दक्षिण आखतात, आणि आपला समुद्र पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळचा वारा पीचला आडवा येतो. बॉल सेकंदाला ३० मीटर जातोय आणि वारा ४ मीटरचा आहे असं धरा, तर बॉलला हवा समोरून न लागता साधारण साडेसात अंश तिरकी लागते. बोलरने सीम २० अंशांवर धरली असली तरी हवेच्या हिशोबात ती वाऱ्याच्या दिशेने वळणाऱ्या बॉलला साडेसत्तावीस होते आणि वाऱ्याविरुद्ध वळणाऱ्याला साडेबारा. उत्तरेकडे तोंड करून टाकणाऱ्याला वारा डावीकडून येतो, उजव्या बॅट्समनला त्याचा आउटस्विंगर, म्हणजे स्लिपकडे बाहेर वळणारा बॉल, वाऱ्याविरुद्ध जातो, तर त्याने सीम नेहमीपेक्षा थोडी जास्त तिरकी, २७-२८ अंशांवर धरून बघावी. दुसऱ्या एंडवरून तोच आउटस्विंगर वाऱ्याबरोबर जातो, तिथे सीम जवळजवळ सरळ, १२-१३ अंशांवर ठेवली तरी पुरते.